शाळेला अर्ज लिहिताना: मुलासाठी काय मागायचं, कुणाकडे आणि कोणत्या शब्दांत

देवगड तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत. तोंडी विचारलं तर सगळं सांगतो, वाचायला दिलं की अडतो, वहीतल्या ओळी अर्धवट. मे महिन्यात मुंबईला दाखवलं तेव्हा डॉक्टरांनी कागदावर ‘अध्ययन अक्षमतेची शक्यता, पुढील तपासणी करावी’ असं लिहून दिलं (म्हणजे बुद्धी ठीक, पण वाचन-लेखनासारख्या गोष्टीत अडचण). वर्गाच्या बाई समजूतदार आहेत, पण ‘बघूया, सुधारेल’ यावर दिवस चाललेत. पुढच्या वर्षी पाचवीला दुसरी शाळा. आता लेखी अर्ज द्यायचा तर कुणाला, कसा लिहायचा, वडील मच्छीमारी बोटीवर असतात तर सही कुणाची, आणि वकील लागेल का?

ताई, वकील लागणार नाही. दोन्ही बाजूंनी लिहिलेला एक फुलस्केप कागद आणि त्यावर शाळेचा शिक्का, एवढ्यावर तुमचं पहिलं काम होईल.

बाईंशी तुमचं बोलणं चांगलं आहे, तर लेखी कशाला, असं घरची माणसं म्हणतील. आपल्याकडे तर जास्तच, कारण वाडी लहान, शाळा दोन शिक्षकी, आणि उद्या पोरगं त्याच बाईंच्या हाताखाली बसवायचं आहे. पण कोकणातल्या शाळांची एक गोष्ट तुम्हालाही ठाऊक आहे. बरेच गुरुजी नि बाई घाटावरचे असतात, ते आंतरजिल्हा बदलीची वाट बघत असतात, आणि बदली झाली की मुलाबद्दलची सगळी समज त्यांच्याबरोबर घाट चढून जाते. कागद दप्तरी राहतो. नवीन गुरुजी आले तरी त्यांना तो वाचावा लागतो. बाईंना हे असंच सांगा. ‘तुमच्यावर तक्रार नाही, तुमच्या हातात काहीतरी असावं म्हणून देतेय,’ असं म्हटलं तर कुणी दुखावत नाही, आणि ते खरंही आहे. विशेष शिक्षकांना, म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवायचं प्रशिक्षण घेतलेल्यांना, बोलवायचं तर मुख्याध्यापकांनाही वर काहीतरी दाखवावं लागतं. तुमचा अर्ज त्यांच्या उपयोगाचाच असतो.

सहीचं सोपं आहे. आईची सही पुरते. वडिलांच्या येण्यासाठी गणपतीपर्यंत थांबू नका. आपल्याकडे आईबाप दोघंही मुंबईला आणि पोर आजीकडे, अशी घरं पुष्कळ आहेत. तिथे आजीनेही अर्ज द्यायला हरकत नाही. शिक्षणहक्क कायद्यात, म्हणजे २००९ च्या अधिनियमात, मूल ज्याच्या देखरेखीखाली आणि ताब्यात आहे त्यालाही पालक म्हटलेलं आहे. आजीला लिहिता येत नसेल तर शेजारच्या मुलीने लिहावं, आजीने अंगठा द्यावा आणि लिहिणारीने खाली ‘सांगितल्याप्रमाणे लिहिले’ म्हणून आपली सही करावी.

पहिला अर्ज मुख्याध्यापकांनाच. थेट शिक्षणाधिकाऱ्यांना लिहिण्याची घाई लोकांना फार असते, आणि मग तोच अर्ज ‘आपल्या स्तरावर योग्य ती कार्यवाही करावी’ असा शेरा मारून गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख असा उतरत महिन्याभराने तुमच्याच शाळेत येतो. तोवर मुख्याध्यापकांची समजूत झालेली असते की यांनी आपल्याला डावललं. मुख्याध्यापकांना लिहा आणि खाली ‘प्रत माहितीस्तव : मा. गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती, देवगड’ असं टाका. ती प्रत खरोखर पाठवायची, नुसती ओळ लिहून सोडायची नाही.

आता मजकूर. लोक आणून दाखवतात ते बहुतेक अर्ज एका साच्यातले असतात: ‘माझी परिस्थिती गरिबीची आहे, मुलगा अभ्यासात मागे आहे, तरी मेहेरबान साहेबांनी सहानुभूतीपूर्वक विचार करून योग्य ती मदत करावी.’ हा अर्ज ज्याच्या टेबलावर जातो त्याने काय करायचं? ‘योग्य ती मदत’ म्हणजे नेमकी कोणती, हे त्याला ठरवता येत नाही, म्हणून तो फाइलला लावतो आणि विसरतो. दुसरं टोक म्हणजे कायद्यांच्या कलमांनी भरलेला चार पानी अर्ज, शेवटी ‘अन्यथा आमरण उपोषणास बसू’. त्यात मूल कुठेच दिसत नाही. अर्ज वाचणाऱ्याला दोन गोष्टी कळल्या पाहिजेत: मूल वर्गात नेमकं कुठे अडतं, आणि त्या अडण्यावर शाळेने सोमवारपासून काय करायचं. म्हणून अर्ज लिहिण्याआधी आठवडाभर वहीत टिपून ठेवा. फळ्यावरचं उतरवायला किती वेळ लागला, ‘घ’ आणि ‘ध’ कुठे बदलले, काना-मात्रा कुठे गळल्या, जोडाक्षर आलं की काय करतो, गृहपाठाला बसल्यावर पोट कधी दुखायला लागतं. आणि त्याला काय येतं तेही. समुद्राला उधाण कधी, मासळीचा हिशेब किती, हे जो पोरगा तोंडी सांगतो त्याला ‘मंद’ म्हणता येत नाही, आणि ते अर्जात आलं की वाचणाऱ्याच्या मनातला पहिला गैरसमज तिथेच गळतो.

तुमच्यासाठी मी असा लिहीन:

प्रति,
मा. मुख्याध्यापक,
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा ………, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग

विषय : इयत्ता चौथीत शिकणारा माझा मुलगा ……… यास वाचन-लेखनासाठी वर्गात सोयी मिळणे व विशेष शिक्षकांकडून त्याचे मूल्यमापन होणे याबाबत.

संदर्भ : १) ……… रुग्णालयाचा दि. ……… रोजीचा केसपेपर. २) दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६, कलम १६ व १७.

महोदय,

माझा मुलगा पहिलीपासून आपल्या शाळेत शिकत आहे. तोंडी गणित, गोष्ट सांगणे, परिसराची माहिती यांत तो वर्गाबरोबर आहे. वाचताना मात्र तो जोडाक्षरांवर थांबतो व ओळ सुटते. फळ्यावरील मजकूर उतरवण्यास त्याला इतर मुलांपेक्षा बराच जास्त वेळ लागतो व तो अपुरा राहतो. त्याच्या मराठीच्या वहीतील तीन पानांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. डॉक्टरांनी अध्ययन अक्षमतेची शक्यता नोंदवली असून पुढील तपासणी आम्ही करून घेत आहोत. घरी आम्ही मालवणी बोलतो, हेही मूल्यमापनाच्या वेळी लक्षात घ्यावे.

तपासणी पूर्ण होईपर्यंत त्यास पुढील सोयी मिळाव्यात, ही विनंती. फळ्यावरील मजकूर त्याला कागदावर मिळावा किंवा शेजारच्या मुलाच्या वहीवरून घेऊ द्यावा. चाचणीतील प्रश्न त्याला वाचून दाखवावेत, उत्तरे शक्य तेथे तोंडी घ्यावीत व लेखी भागास जादा वेळ द्यावा. त्याला वर्गासमोर मोठ्याने वाचावयास लावू नये. तसेच गटसाधन केंद्रातील समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना कळवून त्याचे मूल्यमापन व्हावे, त्याचा वैयक्तिक शिक्षण आराखडा तयार व्हावा व त्याची एक प्रत मला मिळावी.

या अर्जावर झालेली कार्यवाही कृपया दि. ……… पर्यंत लेखी कळवावी.

आपली विश्वासू,
(सही, नाव, पत्ता, फोन)

सहपत्रे : १) केसपेपरची प्रत २) वहीच्या पानांच्या प्रती
प्रत माहितीस्तव : मा. गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती, देवगड

यातल्या दोन-तीन जागांबद्दल जरा सांगते. मागितलेल्या सोयींना पैसा लागत नाही, हे मुद्दाम आहे. दोन शिक्षक चार इयत्ता सांभाळत असताना ‘माझ्या मुलासाठी स्वतंत्र शिक्षक नेमा’ असं लिहिलं तर उत्तर ठरलेलं: पद मंजूर नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे यांच्या प्रकरणात विशेष शिक्षकांचं प्रमाण प्राथमिकला १० दिव्यांग मुलांमागे एक आणि पुढे १५ मुलांमागे एक असं सांगितलेलं आहे, पण ती लढाई राज्याच्या पातळीवरची. तुमच्या वाडीत पोचतील ते गटसाधन केंद्राचे, म्हणजे शाळांना मदत करणाऱ्या तालुक्याच्या केंद्राचे, फिरते विशेष शिक्षक. ते किती दिवसांनी येतील ते त्यांच्याकडच्या शाळांवर ठरतं, म्हणून आराखड्याची प्रत महत्त्वाची. ते नसतानाचे दिवस बाईंनी काय करायचं, ते त्यात लिहिलेलं असतं.

मालवणीची ओळ मी प्रत्येक अर्जात घालायला लावते. घरात ‘खंय गेल्लंस’ बोलणारं पोर प्रमाण मराठीच्या उताऱ्यावर अडलं, तर ते भाषेमुळे की अक्षरामुळे, हे तपासणाऱ्याने वेगळं करायला हवं. उलटही होतं: खरी अडचण असते आणि सगळे ‘आमच्याकडे बोलीच तशी’ म्हणून दोन वर्षं घालवतात.

‘आधी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणा, मग बघू’ हे उत्तर तुम्हाला मिळण्याची शक्यता दाट आहे. इथे नीट लक्ष द्या, कारण इथेच जास्त पालक परत फिरतात. २०१६ च्या अधिनियमाच्या अनुसूचीत २१ प्रकारची दिव्यांगता आहे आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता, ऑटिझम ही त्यात आहेत. त्यातल्या काही हक्कांना प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के दिव्यांगता लागते, उदाहरणार्थ कलम ३१ मधलं ६ ते १८ वयापर्यंतचं मोफत शिक्षण, किंवा मोफत पुस्तकं आणि साधनं. पण कलम १६ मधलं शाळेचं कर्तव्य टक्क्यांना बांधलेलं नाही. भेदभाव न करता शिकवणं, मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून देणं, आणि अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून उपाय करणं, हे तिथे शाळेवर टाकलेलं आहे. ओळखायचं काम शाळेचंही असेल तर ओळखलेल्याचं प्रमाणपत्र आधी मागण्यात अर्थ नाही. हे कलम शासनमान्य खाजगी शाळांनाही लागू आहे, मग माध्यम इंग्रजी असो की मराठी. टक्क्यांबद्दल आणखी एक: २०२१ मध्येच विकास कुमार यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेतला लेखनिक, म्हणजे मुलाने सांगितलेलं उत्तर लिहून देणारा, फक्त ४० टक्केवाल्यांपुरता नाही असं स्पष्ट म्हटलं. तेव्हा कुणी ‘तुमचे ३० च टक्के’ म्हटलं तर तिथे विषय संपत नाही.

असं असलं तरी प्रमाणपत्राच्या मागे लागाच. दहावीला ते लागणार. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन, तपासणी जिल्हा रुग्णालयात, म्हणजे तुम्हाला ओरोसला. रत्नागिरीवाल्यांना रत्नागिरीत, रायगडवाल्यांना अलिबागला. अध्ययन अक्षमतेच्या चाचण्या घेणारे मानसतज्ज्ञ कोणत्या दिवशी असतात ते आधी फोन करून विचारा, मगच पहाटेची एसटी पकडा. खाजगी तज्ज्ञाचा अहवाल वर्गातल्या सोयींसाठी चालतो, दहावीच्या परीक्षा मंडळाला चालत नाही. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा येतं. त्यांनी कधी संदर्भचिठ्ठी दिली असेल आणि ती पत्र्याच्या पेटीत पडून असेल, तर शोधा आणि जोडा. सरकारी पथकाने आधीच शंका घेतली होती, हे एका चिठ्ठीने सिद्ध होतं.

चालता न येणाऱ्या, ऐकू न येणाऱ्या किंवा तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांचा अर्ज वेगळा होतो. तिथे समग्र शिक्षाच्या समावेशित शिक्षण योजनेतले वाहतूक भत्ता, मदतनीस भत्ता, श्रवणयंत्र किंवा व्हीलचेअर हे नाव घेऊन मागा. कलम १६ मध्ये वाहतुकीची सोय स्पष्ट लिहिलेली आहे, आणि आपल्याकडे ती पावसात खरी लागते. साकव पाण्याखाली गेला, तर खाडीपलीकडच्या वाडीतलं पोर शाळेत कसं येणार? अशा अर्जात घर ते शाळा अंतर, वाटेतला पऱ्या, चढण, पावसात किती दिवस खाडा झाला, हे हजेरीपटाच्या आधाराने लिहा. मूल घराबाहेर पडूच शकत नसेल, तर शिक्षणहक्क कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनुसार तीव्र आणि बहुदिव्यांग मुलांना घरीच शिकण्याचा पर्याय आहे. पण तो पालकांनी निवडायचा असतो, शाळेने सुचवून अंग काढून घ्यायचं नसतं. शाळेकडून तसा सूर निघाला तर ‘आम्हाला शाळेतच हवे आहे’ हे लेखी द्या.

यू-डायसची, म्हणजे शाळा आणि विद्यार्थ्यांची माहिती भरायच्या सरकारी प्रणालीतली, नोंदही विचारून घ्या. मुलाची माहिती त्या प्रणालीत भरताना विशेष गरजांचा रकाना रिकामा राहिला, तर वरच्या नियोजनात तुमचा मुलगा नाही. जूनपासून ही माहिती अद्ययावत करायचं काम शाळांमध्ये चालतं, तेव्हा अर्ज त्याच्या आधी गेलेला बरा. उशीर झाला असेल तर दिवाळीपूर्वी द्या. मार्चमध्ये सगळे परीक्षा नि खर्चाच्या हिशेबात असतात, तुमच्याकडे कुणी मान वर करून बघणार नाही.

अर्ज द्यायला दोन प्रती न्या. एकीवर शिक्का, तारीख, सही आणि आवक क्रमांक घ्या. लहान शाळेत ‘अहो, पोच कसली, आपल्याच माणसाला’ असं होतं. तिथे वाद घालू नका. घरी या आणि तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला असेल तर तो आठवण म्हणून ठीक. शाळा व्यवस्थापन समितीपुढे विषय न्यायचा सल्ला पुष्कळजण देतात. समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात आणि इतिवृत्तात नोंद झाली की जोर येतो, हे बरोबर. पण तेच पालक संध्याकाळी जेटीवर भेटतात. मुलाचं निदान तिथे वाचलं जाऊ नये असं तुम्हाला वाटत असेल, तर ‘एका विद्यार्थ्यास सोयी’ एवढाच विषय ठेवायला सांगा, नाहीतर समिती सध्या बाजूला ठेवा.

पंधरा दिवसांत काही हाललं नाही तर स्मरणपत्र. त्यात नवीन काही लिहायचं नाही: ‘माझ्या दि. ……… च्या अर्जावर (आवक क्र. ………) अद्याप कळविण्यात आलेले नाही’, एवढंच, पहिल्या अर्जाची प्रत जोडून. त्यानंतर गटशिक्षणाधिकारी. तिथेही अडलं तर शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे तुमच्या बाबतीत जिल्हा परिषदेकडे, लेखी तक्रार. तिचा निर्णय म्हणणं ऐकून तीन महिन्यांत द्यायचा असतो आणि त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. ‘तक्रार’ हा शब्द इथे पहिल्यांदा वापरा, आधी नाही. दिव्यांगांच्या हक्कांबाबत पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडेही अर्ज करता येतो.

या सगळ्याच्या मध्ये माहिती अधिकाराचा एक छोटा अर्ज बरंच काम करतो. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. ‘माझ्या मुलाला मदत का दिली नाही?’ असं विचारू नका. ‘का’ ला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. विचारा: ‘माझ्या दि. ……… च्या अर्जावर (आवक क्र. ………) आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची व पत्रव्यवहाराची प्रत मिळावी.’ ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. कार्यवाही झालेलीच नसेल तर तसं लिहून देण्यापेक्षा ती करून टाकणं कार्यालयाला सोपं वाटतं, हे मी बऱ्याच वेळा पाहिलंय. पण हा अर्ज शाळेवर पहिल्याच महिन्यात लावू नका. दोन शिक्षकी शाळेत तो थेट बाईंच्या अंगावर जातो. गटशिक्षणाधिकारी कार्यालयापासून सुरू करा.

दहावी अजून लांब आहे, तरी एवढं डोक्यात असू द्या. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गसाठी कोकण विभागीय मंडळ रत्नागिरीला आहे; रायगड मुंबई विभागात येतं. तासाला २० मिनिटं जादा वेळ, लेखनिक, भाषाविषयातली सवलत यांचे प्रस्ताव शाळेमार्फत तिथे जातात, आणि ते दहावीच्या वर्षी जानेवारीत धावाधाव करून होत नाहीत. आठवी-नववीत शाळेच्या परीक्षांमध्ये त्या सोयी दिल्याचा कागद असेल तर प्रस्ताव भक्कम होतो. मुलालाही लेखनिकाला सांगून लिहून घ्यायची सवय लागते. ती एका दिवसात येत नाही.

आणि आता पाचवी. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर यातलं काहीच येत नाही. त्यावर जन्मतारीख, जात, प्रगती, वर्तणूक एवढंच. म्हणून एप्रिलमध्येच मुख्याध्यापकांकडून वैयक्तिक आराखड्याची सही-शिक्क्याची प्रत मागून घ्या, आणि बाईंना अर्ध्या पानावर लिहून द्यायला सांगा की वर्षभर कोणत्या सोयी दिल्या आणि कोणत्या उपयोगी पडल्या. त्या तयार असतील तर नवीन शाळेच्या वर्गशिक्षकांशी त्यांचं फोनवर बोलणंही करून द्या. जूनमध्ये नवीन मुख्याध्यापकांना वरचाच अर्ज, इयत्ता बदलून, संदर्भात आधीच्या अर्जाचा आवक क्रमांक घालून आणि हे दोन कागद जोडून, पहिल्या आठवड्यात द्या. आराखडा तोवर झालेला नसेल तर विषयाच्या ओळीत ‘मूल्यमापन प्रलंबित’ हे शब्द घाला. गटसाधन केंद्र तालुक्याचं एकच आहे. दोन्ही शाळा देवगडमध्येच असतील तर विशेष शिक्षक तेच राहतील, त्यांचा नंबर आत्ताच घेऊन ठेवा.